जंताची गोळी घेऊनही जिआर्डिया कसा? आणि तो गेल्यावरही दूध का पचत नाही?

मोगरा

नमस्कार मंडळी. प्रश्न पोटाचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा.

माझी मुलगी आठ वर्षांची. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. पावसाळ्यात तिला जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे नव्हते, तेलकट, चिकट, फ्लश केलं तरी भांड्याला लागून राहणारे. पोट टम्म फुगलेलं, ढेकरांना सडक्या अंड्याचा वास, भूक पार गेलेली. शौचाच्या तपासणीत जिआर्डिया निघाला. डॉक्टरांनी औषध दिलं, कोर्स पूर्ण केला, जुलाब थांबले, नंतरचा रिपोर्टही स्वच्छ आला.

दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी तिने घेतली होती, मग हा पाहुणा आलाच कसा? आणि दुसरं म्हणजे, डॉक्टर म्हणाले की हा परजीवी आतड्याला भोक पाडत नाही, पेशीत शिरत नाही, रक्त पीत नाही. नुसता चिकटून बसतो. मग नुसत्या बसण्याने एवढं रामायण कसं होतं? आणि तो निघून गेल्यावरही पेलाभर दूध प्यायलं की तासाभरात पोट गुडगुडायला का लागतं? ही मुलगी दुधावर वाढलेली आहे हो.

"काही आठवडे दूध टाळा" एवढं डॉक्टरांनी सांगितलंय. बाहेर रांग लागलेली, त्यांना किती छळणार? उपाय नकोत, ते डॉक्टर बघतायत. आत नेमकं काय चालतं ते मला समजून घ्यायचंय.

तलावपाळी

ताट संपवून आलो. वाचतोय.

आजीचा_बटवा

आमच्याकडे बाळाला वावडिंगाचं पाणी ठरलेलं असायचं. थोड्या मोठ्या मुलांना कारल्याचा रस. तेव्हा कुणाला जिआर्डिया झाल्याचं ऐकलं नाही.

काचपट्टी

ऐकलं नाही कारण तपासलं नाही, आजी. रागावू नका. पोट बिघडलं की "दात येतायत", "नजर लागली" असं म्हणून सोडून द्यायचे.

मी वाशीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पावसाळ्यात हा प्राणी नेहमीचा. ताजा नमुना असेल तर काचेवर सलाइनचा थेंब, त्यात कणभर शौच, वर कव्हरस्लिप. ४०च्या लेन्सखाली बघायचं. जिवंत असेल तर तो गळून पडणाऱ्या पानासारखा गिरक्या घेत जातो. ते एकदा बघितलं की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. लांबी १० ते २० मायक्रॉन, एका टोकाला गोलसर, दुसऱ्या टोकाला निमुळता. शेजारच्या थेंबात आयोडीन घातलं की दोन केंद्रकं उठून दिसतात. पण हे दर्शन क्वचित. बहुतेक वेळा सापडतात त्या सिस्ट, म्हणजे कवचातली झोपलेली अवस्था. अंडाकृती, हलत नाहीत, नवख्या माणसाच्या नजरेतून सहज सुटतात.

मोगराताई, एक महत्त्वाचं. सिस्ट रोज पडत नाहीत, पडतात तेव्हा भरपूर, मग काही दिवस शून्य. म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. लोकांना वाटतं लॅबवाले पैसे काढतायत. एकाच निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका एवढंच.

मोगरा

तीन वेळा दिले होते. तिसऱ्यात सापडला! पहिले दोन कोरे आले तेव्हा घरात माझ्यावरच संशय, की मी उगाच काळजी करते.

बालवैद्य

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. नेरूळला प्रॅक्टिस आहे, हा गोंधळ दर महिन्याला ऐकतो.

शाळेतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे १९ वर्षांपर्यंत पूर्ण. २०१५ पासून देशभर ही मोहीम आहे आणि ती मातीतून पसरणाऱ्या कृमींसाठी आहे: गोल जंत, आकडेकृमी, चाबूककृमी. कृमीच्या पेशींतल्या सूक्ष्म नळ्या ज्या प्रथिनाच्या बनतात त्याला हे औषध चिकटतं, नळ्या बनत नाहीत, कृमीला साखर शोषता येत नाही आणि तो हळूहळू मरतो.

जिआर्डिया कृमी नाहीच. एकपेशीय जीव आहे. एका गोळीने त्याचं फारसं बिघडत नाही. त्यामुळे मुलीने गोळी घेतली ते योग्यच झालं, आणि तरीही जिआर्डिया झाला यात विसंगती काही नाही. त्याची औषधं वेगळी: मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, निटाझॉक्सानाइड.

जीवशास्त्री

डॉक्टरांच्या म्हणण्याला एक पुस्ती. अल्बेंडाझोल जिआर्डियावर अजिबात चालत नाही असं नाही. पाच दिवस रोज दिलं तर चालतं, कारण जिआर्डियाच्या पोटाकडची चकती त्याच सूक्ष्म नळ्यांची बनलेली असते. एका डोसात मात्र ते जमत नाही.

आता मोगराताईंचा दुसरा प्रश्न. माझं काम आतड्याच्या पेशींवर चालतं त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सिस्ट पाण्यातून पोटात जाते. १९५४ साली स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात १० सिस्टसुद्धा लागण व्हायला पुरल्या होत्या. गंमत बघा, जठरातलं आम्ल, ज्याने बहुतेक जंतू मरतात, तेच सिस्टला उघडायची खूण देतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला कवच फुटतं आणि आतून दोन जिआर्डिया बाहेर पडतात. पोटाकडच्या चकतीने ते आतड्याच्या अस्तराला घट्ट धरतात. धरावंच लागतं, कारण अन्न सतत पुढे ढकललं जात असतं. आणि ज्या पेशीला धरलंय ती पेशीही टिकत नाही, तीन ते पाच दिवसांत गळून जाते. म्हणजे याला सारखं सोडायचं आणि नवीन जागी धरायचं हेच आयुष्यभर.

"नुसता बसतो" हे दिसायला खरं आहे. पण बसल्या जागी तो बरंच काही करतो. स्वतःची चरबी त्याला नीट बनवता येत नाही, ती तो पित्तातून आणि आपल्या अन्नातून उचलतो. आर्जिनिन नावाचं अमायनो आम्ल तो भराभरा खातो. आता हेच आर्जिनिन वापरून आपल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, आणि ते जिआर्डियाला मारक असतं. कच्चा माल आधीच फस्त केला की हत्यार बनणार कशाचं?

शिवाय अंगावरचा अंगरखा बदलतो. त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची २००च्या आसपास जनुकं आहेत, पण एका वेळी एकच प्रथिन बाहेर दिसतं. आपल्या प्रतिपिंडांनी ते ओळखेपर्यंत काही पिढ्यांत दुसरं पुढे येतं. लागण आठवडेच्या आठवडे रेंगाळते त्याचं एक कारण हे.

आता नुकसानाकडे येतो. पेशी-पेशींमधले सांधे सैल होतात, काही पेशी मरतात, आणि अस्तरावरचे सूक्ष्म अंकुर आखूड होतात. अन्न शोषायची सगळी जागा या अंकुरांवर असते. पण ते आखूड करतो कोण? उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हे काम बऱ्याच अंशी आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, करतात. लागण झालेल्या उंदरांच्या टी-पेशी काढून निरोगी उंदरांना दिल्या तर जिआर्डिया नसतानाही त्यांचे अंकुर आखूड झाले. मला या विषयात सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट हीच आहे. आजार म्हणजे परजीवीने केलेली मोडतोड, असं आपण धरून चालतो. इथे निम्मा आजार आपल्या प्रतिकाराचा आहे.

दुधाचं यातच दडलंय. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

तलावपाळी

मालिकावाल्यांसारखं ऐन वळणावर थांबवलंत. वाचनखूण साठवली.

खाडीकिनारा

उत्तम प्रतिसाद. इतिहासाची आवड म्हणून भर घालतो. हा जीव पहिल्यांदा पाहिला तो अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने, १६८१ साली, डेल्फ्ट गावी, आणि तेही स्वतःच्याच पातळ शौचात. कापडाचा व्यापारी माणूस, भिंगं स्वतः घासायचा. इकडे रायगडावर त्याच वर्षी संभाजी महाराजांचा राज्याभिषेक. काळाची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

येऊर_भटक्या

आम्ही पावसात येऊरच्या जंगलात जातो तेव्हा ओढ्याचं पाणी बाटलीत भरून क्लोरिनचे थेंब टाकतो. ते चालतं ना?

बालवैद्य

जिआर्डियासाठी भरवशाचं नाही. सिस्टचं कवच क्लोरिनला दाद देत नाही, निदान आपण टाकतो तेवढ्या मात्रेला आणि देतो तेवढ्या वेळात. गार पाण्यात सिस्ट कित्येक आठवडे तग धरतात. खळखळून उकळी आली आणि ती मिनिटभर ठेवली की काम झालं. जंगलात जाताना घरचं पाणी न्या, तेच सोपं.

ऐरोलीकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. आपण फार चकचकीत झालोय. १९८९ साली स्ट्रॅकन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडलं होतं की मोठ्या कुटुंबात, भावंडांच्या गर्दीत वाढलेल्या मुलांना गवतज्वर (परागकणांची ॲलर्जी) कमी होतो. लहानपणी जंतूंशी ओळख झाली की प्रतिकारशक्ती शहाणी होते. आम्ही कळव्याला चाळीत वाढलो, चिखलात खेळलो, जंत झाले, गेले. दमा, ॲलर्जी कुणालाच नाही. आता टॉवरमधल्या प्रत्येक मुलाकडे इनहेलर. जंतांना सरसकट मारण्याआधी विचार करायला नको का? परदेशात तर म्हणे मुद्दाम जंतांची अंडी पाजतात.

शहापूरकर

ऐरोलीकर, तुमचा मुद्दा वाचून गप्प बसवेना.

माझं गाव शहापूर तालुक्यातलं. भातलावणीला बायका दिवसभर अनवाणी चिखलात. आकडेकृमीची अळी मातीतून तळपायाच्या कातडीतूनच आत शिरते, तिथे खाज सुटते, मग रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात, गिळली की आतड्यात. तिथे ती अस्तराचा तुकडा तोंडात धरते आणि रक्त पिते. जातीप्रमाणे एक कृमी दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा बारीक वाटतो. मोठ्या जातीचे शंभर कृमी असले तर दिवसाला २० मिलिलिटर झालं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. ज्या बाईच्या ताटात नाचणी-भाताशिवाय फारसं काही नाही, तिच्या अंगात लोह उरणार कुठून? माझ्या काकूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून डॉक्टरांनी मला दाखवली होती. आतून लाल असायला हवी, ती कागदासारखी पांढरी होती. काकूला दोन बाळंतपणं त्या अवस्थेत झाली.

चाळीत जंत झाले आणि गेले, तुमचं नशीब. सगळ्यांचे जात नाहीत.

ऐरोलीकर

शहापूरकर, तुमच्या काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं. आकडेकृमी चांगला असं मला अजिबात म्हणायचं नाही. मी प्रतिकारशक्तीच्या बाजूने बोलत होतो. तो मुद्दा मला अजूनही खोटा वाटत नाही.

जीवशास्त्री

आलो. आधी ऐरोलीकरांचं, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे.

कृमी आतड्यात शिरला की आतडं गप्प बसत नाही. अस्तरात टफ्ट नावाच्या पेशी असतात, संख्येने अगदी थोड्या. त्या नेमक्या कशासाठी हे कित्येक दशकं कळलं नव्हतं. २०१६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की कृमीची चाहूल याच पेशींना लागते. त्या रासायनिक हाकाटी करतात, प्रतिकारपेशी जाग्या होतात, मग श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी वाढतात, आतडं पाणी सोडतं, स्नायू जोरात आकुंचन पावतात. थोडक्यात कृमीला बुळबुळीत करून बाहेर ढकलायचं.

आणि कृमी हे सगळं थंड करायला बघतो. उंदरांच्या आतड्यात राहणारा एक कृमी असं प्रथिन सोडतो जे आपल्याच शरीरातल्या एका "शांत व्हा" सांगणाऱ्या रेणूचं काम करतं. २०१७ साली ते ओळखलं गेलं तेव्हा आश्चर्य वाटलं ते याचं, की त्याची घडण त्या मूळ रेणूशी जराही जुळत नाही. वेगळ्याच वाटेने जाऊन तो त्याच दारावर पोचला. आकडेकृमी रक्त गोठू न देणारी प्रथिनं सोडतो, त्यातल्या एकावर तर माणसांसाठी औषध म्हणून चाचण्या झाल्या. गोल जंत कुठेच चिकटत नाही, प्रवाहाविरुद्ध पोहत राहतो, आणि आपले पाचकरस त्याला पचवू नयेत म्हणून ते निकामी करणारी रसायनं अंगावर बाळगतो.

म्हणजे कृमी प्रतिकारशक्तीला शांत करतो हे खरं. त्यातूनच मुद्दाम अंडी पाजायची कल्पना निघाली. डुकराच्या चाबूककृमीची अंडी दिली, कारण तो माणसात फार टिकत नाही. सुरुवातीला आशा वाटली. पण डेन्मार्कमध्ये गवतज्वराच्या सुमारे १०० रुग्णांवर नीट चाचणी झाली, २०१० साली निकाल आला, फायदा शून्य. आतड्याच्या क्रोन्स आजारावरच्या मोठ्या चाचण्याही पुढे फसल्या. त्यामुळे कृमीकडून शिकायचं जरूर, त्याचे रेणू वापरता आले तर उत्तमच. पण वाढत्या मुलाच्या पोटात त्याला भाड्याने ठेवायचं कारण नाही.

ऐरोलीकर

हे चाचण्यांचं माहीत नव्हतं. इनहेलरचा प्रश्न उरतोच, पण त्यासाठी वेगळा धागा काढतो.

तलावपाळी

भाडं घेतच नाही ना तो, उलट आपणच जेवायला घालतो. पागडीवरचा भाडेकरू झाला हा.

पारसिकची_टेकडी

अवांतर आहे, पण विचारतेच. व्हॉट्सॲपवर फिरतं की कोबीतला किडा मेंदूत जातो. आमच्या भिशीत तीन जणींनी कोबी बंद केलाय. खरं काय?

बालवैद्य

कोबीवरची हिरवी अळी मेंदूत जात नाही. शिजली तर प्रथिन म्हणून पचून जाईल.

मेंदूत जाते ती डुकराच्या पट्टकृमीची अळी. कच्च्या-अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात मोठा पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी पडतात. ती अंडी हाताला, पाण्याला, भाजीला लागून दुसऱ्याच्या पोटात गेली तर अळी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि मेंदूपर्यंत पोचू शकते. आपल्याकडे फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे. शुद्ध शाकाहारी माणसालाही होतं ते यामुळे. दोष कोबीचा नाही, मैल्याने दूषित झालेल्या कुठल्याही कच्च्या भाजीचा.

काचपट्टी

आणि भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की झालं, असं समजू नका. गोल जंताची अंडी इतकी चिवट की लॅबमध्ये फॉर्मॅलिनमध्येही काही काळ जिवंत राहतात. मादी रोज दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, आणि अंड्याचं बाहेरचं आवरण चिकट असतं. वाहत्या पाण्याखाली पान न पान चोळून धुवा. पालेभाजी शिजवून खा, कोशिंबिरीला सोलता येईल असं घ्या.

खाडीकिनारा

रेल्वेच्या रुळांकडेला कसल्या पाण्यावर भाज्या पिकतात ते लोकलच्या दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने बघितलंय. पिकवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला स्वच्छ पाणी देतो कोण?

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्यावरून आठवलं, आमच्या इमारतीत मग आणखी दोन मुलांना हेच निघालं. मी कमिटीच्या मागे लागून जमिनीखालची टाकी उघडायला लावली. झाकण पार्किंगच्या फरशीच्या बरोबरीला, कडेला बोटभर फट, आणि शेजारीच गाड्या धुतात. धुतलेलं पाणी आणि पावसाचं पाणी सरळ त्या फटीतून आत. टाकीच्या भिंतीवर फटीखाली गाळाचा काळा ओघळ स्पष्ट दिसत होता. उन्हाळ्यात टँकर, पावसाळ्यात हे. आता झाकणाभोवती वीतभर उंच कठडा बांधून घेतलाय, टाकी उपसून घासली. पण तिथूनच आला हे सिद्ध कसं करणार?

जीवशास्त्री, दूध राहिलं हं.

जीवशास्त्री

राहिलं खरं. दुधातली साखर फोडणारा लॅक्टेज हा विकर (एन्झाइम) त्याच सूक्ष्म अंकुरांवर असतो. अंकुर आखूड झाले की इतर विकरही घटतात, पण लॅक्टेज सगळ्यात आधी जातो आणि सगळ्यात शेवटी परततो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, ती पाणी ओढते, तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू करतात. ती गुडगुड म्हणजे हेच.

पारसिकची_टेकडी

थांबा, एक शंका. तुम्हीच वर म्हणालात की अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. मग औषध संपल्यावर आठवड्याभरात सगळं नवं व्हायला हवं. आठवडेच्या आठवडे का लागतात?

जीवशास्त्री

फार नेमका प्रश्न. पेशी नव्या येतात, पण येताना कोवळ्या असतात. त्या अस्तराच्या खड्ड्यांमध्ये जन्मतात आणि वर सरकता सरकता पक्व होतात, लॅक्टेज येतो तो शेवटच्या टप्प्यात. आत दाह शिल्लक असेल तर पेशी घाईघाईने वर ढकलल्या जातात आणि पक्व व्हायच्या आतच गळतात. परजीवी मेला म्हणून दाह त्याच दिवशी विझत नाही. टी-पेशींचं शांत होणं, खड्ड्यांचा वेग पूर्वपदावर येणं, अंकुरांची लांबी भरून निघणं, हे एकामागून एक होतं.

काहींना याहून लांबतं. नॉर्वेतल्या बर्गन शहरात २००४ साली पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि हजाराहून जास्त लोकांना जिआर्डिया झाला. स्वच्छतेबद्दल नावाजलेला देश, त्यामुळे नोंदी चोख. तीन वर्षांनी विचारपूस केली तेव्हा लागण झालेल्यांपैकी ४६ टक्के लोकांना पोटाच्या सततच्या तक्रारी होत्या, लागण न झालेल्यांत १४ टक्के. परजीवी केव्हाच गेला होता. आतड्याचा हळवेपणा मागे राहिला. म्हणून "रिपोर्ट निल आहे, आता नाटकं बंद" असं मुलांना म्हणू नये. त्यांचं पोट खरंच दुखत असतं.

बालवैद्य

मोगराताई घाबरतील म्हणून लगेच लिहितो. बर्गनचे ते लोक बहुतेक मोठ्या वयाचे होते, आणि कित्येकांचं निदान उशिरा झालं होतं. लहान मुलांत दूध साधारणपणे काही आठवड्यांत परत पचू लागतं. तोवर दही-ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजणातल्या जीवाणूंनी साखर थोडी आधीच फोडलेली असते. मग तुमच्या डॉक्टरांना विचारून थोडं थोडं दूध, तेही जेवणाबरोबर, सुरू करून बघा. वजनावर लक्ष ठेवा. वजन वाढत नसेल, पुन्हा तेलकट जुलाब झाले तर थांबू नका, नमुना परत द्या. दुसऱ्यांदा लागण झाली की काय ते बघावं लागेल.

मोगरा

वजन थोडं वाढलंय. ताक आवडीने पिते, जिरं घालून. आठवडे का लागतात हे कळलं म्हणून आता दर दोन दिवसांनी दुधाचा प्रयोग करणार नाही.

आजीचा_बटवा

ताक आमचंच हो! वावडिंगाचं कुणी काही बोललं नाही.

बालवैद्य

आजी, वावडिंगाला आयुर्वेदात कृमिघ्न म्हणून मान आहे, मी तो नाकारत नाही. पण तपासणीत जिआर्डिया दिसला असेल तर त्याचं औषध आधी, आणि मुलांना इतर काही द्यायचं तर वैद्याला विचारून, मात्रा ठरवून. ताकाचा मान मात्र पूर्ण तुमचा.

येऊर_भटक्या

शेवटचा प्रश्न. आमच्या कुत्र्याला मागे पशुवैद्यांनी जिआर्डिया सांगितला होता. घरात लहान भाचा येतो. कुत्र्याकडून माणसाला लागतो का?

जीवशास्त्री

जिआर्डियाचे गट आहेत. माणसात मुख्यतः ए आणि बी सापडतात, कुत्र्यांत बहुतेक वेळा सी आणि डी, आणि हे दोन माणसात सहसा रमत नाहीत. पण कुत्र्यांत कधी कधी ए-बीही मिळतात, त्यामुळे शून्य धोका म्हणता येत नाही. कुत्र्याचा कोर्स पूर्ण करा, त्याची शी हातमोजे घालून लगेच उचला, अंघोळ घालताना मागची बाजू नीट धुवा, केसांना सिस्ट चिकटून राहतात.

काचपट्टी

आणि भाच्याने त्याला कुरवाळलं की साबणाने हात धुवायला लावा. सॅनिटायझर नको, सिस्टवर त्याचा भरवसा नाही. नखांच्या खालीसुद्धा. आमच्याकडे येणाऱ्या लहान मुलांची नखं मी आधी बघते.